नमुन्यात मिरची नाही

३ एप्रिल २०२५
इंद्रप्रभा सोसायटी, चिखली

डॉ. पूनम यांस,

तुझा ईमेल सोसायटीच्या पत्त्यावर आला. अध्यक्षा मी असल्यामुळे तो मलाच वाचावा लागला. तीन वर्षांत तुझ्याकडून आलेलं हे पहिलं वाक्य, आणि ते असं: "तुमच्या तीनशे फ्लॅटमध्ये कुणीच मिरची खात नाही का?"

वर मायना नाही, खाली सही नाही. माझा गुडघा कसा आहे, हा प्रश्न नाही. बारा वर्षं या आत्याच्या घरी राहून तू कॉन्व्हेंटमध्ये शिकलीस. पत्र कसं लिहायचं हे सिस्टर अ‍ॅग्नेसने मला ज्या पट्टीने शिकवलं, त्याच पट्टीने मी तुला शिकवलं. कंपालाच्या हवेत ते उडून गेलेलं दिसतं.

आता उत्तर. खातो. मिरची खातो, ठेचा खातो, लोणचं खातो. तुझा बाप परवाच येऊन माझी अर्धी बरणी संपवून गेला. जाताना म्हणाला, "छबे, पोरीचं काय कळलं का?" मी म्हटलं, तुझी पोरगी, मला काय विचारतोस. "व्हय, पन ती तुझीच व्हती की," म्हणाला आणि बरणीचं झाकण न लावता गेला. असो.

तुझ्या पुण्याच्या प्रयोगशाळेतली दोन माणसं २४ मार्चला आली. त्यांचं पत्रक मी वाचलं होतं. गावोगावचं सांडपाणी गोळा करायचं, त्यातल्या रोगजंतूंची जनुकं वाचायची, म्हणजे माणसं दवाखान्यात पोचायच्या आधीच साथ कळते. काम तीन शहरांत: पुणे, युगांडातलं कंपाला आणि पेरू देशातलं लिमा. आमच्या सोसायटीचं नाव यादीत कुणी घातलं ते लिहिलं नव्हतं, पण पत्रकाच्या तळाला तुझं नाव होतं. धनेश, आमचा सेक्रेटरी, नको म्हणत होता. मी त्याच दिवशी संमतीवर सही केली. त्यातून कसलाही अर्थ काढू नकोस. अध्यक्षेने कागद लोंबकळत ठेवू नये, एवढंच.

आमची एसटीपी, म्हणजे सोसायटीचं सांडपाणी शुद्ध करायचं यंत्रघर, त्या दिवशी आरशासारखी होती. तुझी माणसं नाकाला रुमाल न लावता हौदाशी उभी राहिली. इतकी टापटीप तुमच्या कंपालात असते का? आणि आता तू म्हणतेस नमुन्यात काही नाही. काही नाही म्हणजे चांगलंच ना! काही नसलेलं नको असेल तर तुम्ही शास्त्रज्ञ नक्की काय शोधत फिरता?

तुझं दुसरं वाक्य होतं, "चिमाजीकाकांशी बोललीस?" चिमाजी आमची एसटीपी चालवतो. त्याच्याशी मी रोज बोलते. मोटर चालू कर, मोटर बंद कर. आणखी काय बोलायचं असतं?

छबूबाई
अध्यक्षा, इंद्रप्रभा सहकारी गृहरचना संस्था


८ एप्रिल २०२५

पूनम,

या वेळी मायना होता. "प्रिय" नव्हतं, पण "आत्या" होतं आणि पुढे स्वल्पविरामही होता. प्रगती आहे.

मिरचीचं तुझं स्पष्टीकरण मी दोनदा वाचलं. मिरचीच्या झाडाला एक विषाणू लागतो, माणसाला तो काही करत नाही. तिखट, सॉस, लोणचं, काहीही खाल्लं की तो पोटातून जसाच्या तसा बाहेर पडतो. जगात कुठेही माणसांचं सांडपाणी असेल तर तो सापडतोच, म्हणून तुम्ही आधी त्याला शोधता. तो नसेल तर बाटलीत सांडपाणीच नाही. तुझ्या शब्दांत: "लिमात आहे, कंपालात आहे, आणि चिखलीत नाही? आत्या, तू हौदाला काय केलंस?"

मी काय केलं असेन असं तुला वाटतं? मी सव्वीस वर्षं कंपनीत पर्सोनेलला काढली. बाहेरून ऑडिटची माणसं यायची म्हटलं की आठवडाभर आधी सगळ्या प्लँटला रंग लागायचा. जमिनीवर पिवळे पट्टे, कामगारांना नवे हातमोजे, गळणाऱ्या मशीनखाली नवी ट्रे, आणि ज्या मशीनचं काही खरं नाही तिच्यावर हिरवं कापड. भोसरीपासून चाकणपर्यंत एकही कारखाना मला दाखव, जिथे तपासणीच्या आधी रंग लागत नाही. त्याच्याही आधी सिस्टर अ‍ॅग्नेस दर सोमवारी नखं तपासायची आणि आम्ही सगळ्या जणी रविवारी संध्याकाळी नखं कापायचो. मंगळवार ते शनिवार त्यांत काय साठतंय ते तिने कधी पाहिलं नाही, आम्ही कधी दाखवलं नाही.

तर माझ्या सोसायटीत, माझ्या भाचीच्या प्रयोगशाळेतली माणसं येणार, आणि त्यांना मी तो हौद तसाच दाखवणार?

येणाऱ्या पाण्याचा व्हॉल्व्ह दोन तास बंद ठेवला. हौद घासून घेतला. बोअरच्या पाण्याने भरला. वर पाच किलो ब्लीचिंग पावडर टाकली. झालं समाधान? तुझ्या लोकांनी बर्फाच्या पेटीत घालून नेलं ते बोअरचं पाणी होतं.

खरं सांगते, चिमाजी नको म्हणाला होता. परभणीकडचा माणूस, एरवी दोन शब्दांच्या वर बोलत नाही. त्या दिवशी व्हॉल्व्हवर हात ठेवून म्हणाला, "मॅडम, हौद धुवायला लावायलाव, पर तपासणी हौदाची हाय का पाण्याची?" मी म्हटलं, तुला सांगितलंय तेवढं कर. त्याने केलं.

तू लिहितेस की आधीच आमच्यासारख्या गावांचं फार थोडं वाचलं जातं. रोगजंतूंची जनुकं वाचायची यंत्रं श्रीमंत देशांत जास्त, म्हणून जगाच्या नोंदीत त्यांच्याच सर्दीखोकल्याला जागा. आणि ज्यांचं सांडपाणी कुणी वाचत नाही, त्यांची साथ जगाला सगळ्यांत शेवटी कळते. हे वाचून माझं डोकं तापलं. म्हणजे गटारातसुद्धा पहिला वर्ग आणि तिसरा वर्ग! आणि आम्हाला इतक्या वर्षांनी बोलावणं आलं, तेव्हा मी आमच्या पानावर ब्लीचिंग ओतून ठेवलं. माझा राग कुणावर काढू? बाकी कुणी सापडत नाही, म्हणून सध्या तुझ्यावर आहे.

दुसरा नमुना १५ तारखेला घ्या. मी कशाला हात लावणार नाही.

शेवटी परत तेच वाक्य लिहिलं आहेस. "चिमाजीकाकांशी बोललीस?" आता वर लिहिलं ना, तो नको म्हणत होता ते. आणखी काय हवंय?

आत्या


१७ एप्रिल २०२५

पूनम,

परवा तुझी माणसं पुन्हा येऊन गेली. हौद जसा होता तसाच होता, आणि तो कसा होता हे मी लिहिणार नाही. मी नाकाला पदर लावून शेवटपर्यंत उभी राहिले. चिमाजीने जाळीतला कचरा बाजूला केला, लांब दांड्याच्या मगाने पाणी काढलं, बाटल्या भरल्या. एका थेंबाचाही शिंतोडा उडवला नाही. मी त्याला कधी काम करताना पाहिलंच नव्हतं, हे मला तिथे कळलं. तीन वर्षं मी त्याला फक्त मोटर चालू-बंद करताना गृहीत धरत होते.

तुझ्या प्रयोगशाळेतल्या मुलींपैकी एकीने हौदात हवा सोडणाऱ्या यंत्राबद्दल विचारलं, "काका, ब्लोअर किती वेळ चालतो?" त्याने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, खरं सांग. तो म्हणाला, "साहेब लोक येनार असले की दिवसभर." ती हसली. मीही हसले. हसू आलं म्हणून नाही, दुसरं काय करणार.

आता तुझ्या वाक्याकडे येते. तू ते चौथ्यांदा लिहिलंस. मला समजत नाही असं मी दाखवत होते, तुला माहीत आहे, मला माहीत आहे.

या फ्लॅटची घरभरणी. तू नुकतीच प्रबंध संपवून आली होतीस. साठ पानं वाढलेली, आणि कुणीतरी विचारलं, पोरगी काय करते? मी सांगत होते की मोठ्या संस्थेत संशोधन करते, तेवढ्यात तू म्हणालीस, "मी गटारातलं पाणी तपासते." सगळे थांबले. तू मुद्दाम केलंस. (अजूनही माझं मत आहे की मुद्दाम केलंस.) आणि मी म्हणाले, "गटारात हात घालायला आमच्याकडे पगारी माणसं आहेत, त्यासाठी मुलीला कॉन्व्हेंटमध्ये घालावं लागत नाही."

टाळीचं वाक्य होतं. दोघंतिघं हसलेसुद्धा.

शेवटच्या ओळीत चिमाजी जेवायला बसला होता. मीच बोलावलं होतं, सगळ्या स्टाफला बोलावलं होतं. त्याने पोळीचा घास मोडला होता, तो परत ताटात ठेवला, हात धुतले आणि गेला. मी पाहिलं. मी पाहिलं नाही असं मी तीन वर्षं सगळ्यांना सांगत आले, पण पाहिलं. तू तुझं ताट आणि त्याचं ताट उचललंस, खाली एसटीपीच्या पायरीवर जाऊन त्याच्याबरोबर जेवलीस, आणि पंधरा दिवसांनी कंपालाला निघून गेलीस. मला वाटायचं, मी तुझा अपमान केला म्हणून गेलीस. अपमान तुझा नव्हता, हे तुझ्या चौथ्या ईमेलनंतर डोक्यात शिरलं. कॉन्व्हेंटच्या मानाने माझी बुद्धी जरा हळू चालते.

परवा बाटल्या गेल्यावर मी त्याला म्हटलं, चिमाजी, थांब जरा. तो थांबला. मी म्हटलं, ते झाकण नीट लाव. लावलंच होतं. तेवढ्याने मी वर आले.

वर येताना दोनदा जिन्यात थांबले. लिफ्ट चालू होती, तरी जिन्याने आले, कारण लिफ्टमध्ये धनेश होता. हल्ली फोडणीचा वास नको वाटतो. उन्हाळा आहे, वय आहे. काही विशेष नाही.

आत्या


२४ एप्रिल २०२५

पूनम,

तुझा अहवाल काल सकाळी मिळाला. या वेळी मिरची भरपूर आहे, आणि तिच्याबरोबर हेपटायटिस ई आहे. पाण्यातून होणारी कावीळ. एरवी माणूस महिनाभरात उठून बसतो, पण गरोदर बाईच्या शेवटच्या महिन्यांत जिवावर बेतते, हे तू ठळक अक्षरांत लिहिलंस. ठळक करायची गरज नव्हती.

माझ्या समोरच्या दारात सायली राहते. आठवा महिना आहे. हिंजवडीत नोकरी करायची, आता घरून करते. दुपारी तिची मीटिंग संपली की ती माझ्याकडे येते आणि मी तिला माठातलं पाणी देते. तिच्या घरी फिल्टर आहे. मीच तिला सांगितलं होतं, फिल्टरचं पाणी मेलेलं असतं, बाळाला मातीतलं पाणी हवं. रोज एक तांब्या, दोन महिने. माझा माठ टाकीच्या नळाने भरतो आणि टाकी टँकरने.

शिवाय पहिला नमुना खरा असता तर हे आपल्याला तीन आठवडे आधी कळलं असतं. ते तू लिहिलं नाहीस. त्याबद्दल तुझे आभार मानू की तुझ्यावर रागावू, ते ठरत नाही.

मी अहवाल हातात घेऊन आधी तिच्या दारात गेले आणि सगळं सांगितलं. माठाचं, ब्लीचिंगचंही. ती पोटावर हात ठेवून खुर्चीत बसली, मग म्हणाली, "आजी, तुम्ही पण तेच पाणी पीत होता ना?" मला आजी म्हटलेलं चालत नाही, तिला माहीत आहे. काल चाललं. दुपारी तिचं रक्त तपासायला दिलं.

संध्याकाळी क्लबहाउसमध्ये सभा घेतली. धनेश आधीच दारात आडवा.

"मॅडम, लेटर ग्रुपवर टाकू नका. गुपचूप टाकी धुवून घेऊ. उद्या बोंब झाली तर टू-बीएचकेचा रेट पडंल, राव."

"राव कुणाला म्हणतोस?"

"सॉरी मॅडम. पण आपल्यात कावीळ झालीये कुणाला? एक तरी दाखवा."

"व्हायच्या आधी कळावं म्हणूनच तर हा उपद्व्याप आहे. तू काय, पिवळा माणूस मोजून मग पाणी उकळणार?"

मागून कुणीतरी म्हणालं, हे गटारातले अहवाल खरे कशावरून, मागच्या महिन्यात तर काहीच नव्हतं. मग मला उभं राहून सांगावं लागलं की मागच्या महिन्यात काही का नव्हतं. तीनशे फ्लॅटच्या सभेत पाच किलो ब्लीचिंग पावडरचा हिशोब देणं, पूनम, कन्फेशनपेक्षा वाईट. तिथे निदान जाळी असते आणि पाद्री एकच असतो.

मग मी तुझं पुढचं पान वाचलं. या विषाणूच्या जनुकात सात हजारांवर अक्षरं, त्यांतला जेवढा तुकडा तुम्हाला वाचता आला तो तुमच्या यादीतल्या आणखी दोन सोसायट्यांत सापडलेल्या तुकड्याशी अक्षर न् अक्षर जुळतो. मात्र जिथे फक्त पालिकेचं पाणी येतं तिथे हा विषाणूच नाही. तू विचारलं होतंस, या तिघांत सारखं काय आहे? नावं देता येत नाहीत म्हणून फक्त भाग दिले होतेस.

कुणाला काही सांगता येईना. चिमाजी दाराशी उभा होता. मी म्हटलं, चिमाजी, आत या, बसा. पुढच्या रांगेत एक खुर्ची रिकामी होती, तिच्यावर धनेशची बॅग होती. धनेशने बॅग उचलली.

चिमाजी बसले नाहीत, खुर्चीची पाठ धरून उभे राहिले. म्हणाले, "निळा टँकर. माझा गाववाला चालवायलाय. आपल्याकडं मंगळवार-शुक्रवार, बाकीच्या दिवशी त्या दोन्हीकडं. नाल्याकाठच्या हिरीवर भरतो. म्या म्हनलं व्हतं त्याला, पान्याला वास यायलाय. तो म्हनला, क्लोरीन हाय."

तुमच्या यंत्राने सांगितलं, हे तिघे भाऊ आहेत. बाप कोण ते चिमाजींनी सांगितलं.

निळा टँकर आजपासून बंद. पालिकेच्या आरोग्य खात्याला कळवलं, त्यांची माणसं उद्या विहिरीवर जाणार आहेत. पत्र ग्रुपवर मीच टाकलं. पाणी उकळा, माठ रिकामे करा. माझा माठ मी आधी केला.

सायलीचा रिपोर्ट अजून आलेला नाही. तो येईपर्यंत मला काही विचारू नकोस.

आत्या


३० एप्रिल २०२५

पूनम,

सायलीचा रिपोर्ट निर्दोष आला. डॉक्टर पंधरा दिवसांनी परत एकदा तपासणार आहेत, पण आजचा निर्दोष आहे. तो कागद वाचल्यावर मी काय केलं ते सांगणार नाही. सिस्टर अ‍ॅग्नेस असती तर म्हणाली असती, गुडघे टेकायला अखेर सवड मिळाली.

आता दुसरी बातमी, आणि फोनकडे धाव घेऊ नकोस. मी बरी आहे.

२५ तारखेला मी खाली गेले. धनेश दुपारचा बाहेर असतो ती वेळ साधून, डब्यात पुरणपोळ्या घेऊन. तुला वाटेल केवढं नाटक. असेल. रिकाम्या हाताने जाऊन काय बोलायचं ते मला सुचत नव्हतं. चिमाजी पायरीवर बसून पान्याने काहीतरी पिळत होते. मी त्याच पायरीवर बसले. त्यांनी घाईघाईने उठायला सुरुवात केली.

"मॅडम, इथं कामून बसलाव? साडी खराब होईल."

"होऊ दे. तुम्ही बसा. मला बोलायचंय."

आणि ब्लोअर चालू होता. त्या आवाजात मला ते तीनदा बोलावं लागलं. पहिल्यांदा त्यांना ऐकूच आलं नाही, दुसऱ्यांदा अर्धं आलं, तिसऱ्यांदा मी ओरडले, "घरभरणीला मी जे बोलले ते चुकलं. मला माफ करा!" वरच्या मजल्यावरच्या दोन खिडक्या उघडल्या. उघडू देत.

त्यांनी पाना पायरीवर ठेवला. मग ब्लोअर बंद केला. म्हणाले, "मला वाटलं व्हतं, तुमच्या ध्यानात बी नसंल."

"ध्यानात होतं. रोज होतं."

"मग तीन वर्सं?"

याचं उत्तर तुला सुचलं तर कळव. ते "असू द्या" म्हणाले नाहीत, "जाऊ द्या" म्हणाले नाहीत, आणि ते मला बरं वाटलं. त्यांनी डबा उघडला, एक पोळी मोडली आणि खाल्ली. पूर्ण खाल्ली. अर्धी दुसरी माझ्यासमोर धरली. मी म्हटलं, मला नको, तुपाचा वास सहन होत नाही हल्ली.

त्यांनी मान वर केली. "मॅडम, उजेडात या. डोळे दावा."

मी डोळे दाखवले. सव्वीस वर्षं कंपनीच्या डॉक्टरला दाखवले नाहीत तेवढ्या आज्ञाधारकपणे.

"पिवळे झालेत," ते म्हणाले. "गावाकडं बगितलीय म्या कावीळ. चला, रिक्षा आनतो."

तर सोसायटीतला पहिला पिवळा माणूस, जो धनेशला पाहायचा होता, तो मी. ब्लीचिंग टाकणारी आणि माठाची वकिली करणारी. देवाला विनोदबुद्धी नाही असं कुणी म्हणू नये. त्यानंतर आणखी चौघं निघाले, सगळे सौम्य. बाकी घरोघरी पाणी उकळतंय. डॉक्टर म्हणतात, सभा आठ दिवस उशिरा झाली असती तर आकडा मोजायला दुसरी वही लागली असती.

मी अंथरुणावर आहे आणि तक्रार करायला फारसं काही नाही, हे मला जरा खटकतंय. सायली दाराशी उभी राहून फळं ठेवून जाते, आत येऊ देत नाही मी. तुझ्या बापाने कुठल्या तरी वैदूचं औषध आणलं होतं, ते कुंडीत ओतलं. कुंडीतली तुळस ठीक आहे. चिमाजींच्या बायकोने मऊ भात पाठवला. डब्यावर चिठ्ठी होती: "पानी उकळून केला आहे."

आणि हो, बोलले. तुझ्या वाक्याचं उत्तर. बोलले.

आत्या


१२ जून २०२५

प्रिय पूनम,

परवा फोनवर आपण एक तास अकरा मिनिटं बोललो. त्यातली पहिली चार मिनिटं तू रडलीस आणि मी कंपालाच्या हवामानाची चौकशी केली. ते फोनवर नीट झालं नाही म्हणून लिहिते. मलाही आनंद झाला. एवढं वाक्य लिहायला मला पेन दोनदा खाली ठेवावं लागलं, तेव्हा ते पुन्हा मागू नकोस.

सायलीला मुलगी झाली. पावणेतीन किलो, फुप्फुसं उत्तम, रडणं थेट धनेशच्या फ्लॅटपर्यंत पोचतं. दुसरी तपासणीही निर्दोष होती. मला आत येऊन बाळ घ्यायची परवानगी कालपासून आहे. बाळ मला नक्की कोण म्हणून हाक मारणार, यावर वाटाघाटी सुरू आहेत.

ती विहीर पालिकेने बंद केली. त्या दोन सोसायट्यांनाही वेळेत कळलं. धनेशने दारावर पाटी लावली आहे: "या सोसायटीच्या सांडपाण्याची नियमित जनुकीय तपासणी होते." त्याने फ्लॅटचा रेट वाढतो म्हणे. मी पाटी सरळ तेवढी लावून घेतली.

आता नमुना दर पंधरवड्याला जातो. चिमाजी बाटल्या भरतात, मी त्यांच्या वहीत तारीख आणि वेळ लिहिते, कारण त्यांचं अक्षर तुझ्या मुलींना लागत नाही. ब्लोअर दिवसभर चालतो. तपासणीच्या आदल्या दिवशी कुणीही कशालाही रंग लावत नाही. माझा हात शिवशिवतो, पण लावत नाही.

तू म्हणालीस, एप्रिलचा तो नमुना जगाच्या नोंदीत गेलाय, आमच्या नावाने नाही, "पीसी-१७" असा. लिमातली कुणी मुलगी उद्या तिच्याकडचा विषाणू त्याच्याशी ताडून पाहील. मी विचारलं, १५ एप्रिलला मला लागण होऊन गेलीच होती ना? तू म्हणालीस, "हो आत्या. त्या बाटलीत तूही असणार."

फोन ठेवल्यावर मी हे बराच वेळ घोळवत बसले. सिस्टर अ‍ॅग्नेसच्या सन्मानफलकावर माझं नाव कधी लागलं नाही. कंपनीने निरोप देताना घड्याळ दिलं, त्यावर नाव चुकीचं कोरलं. आणि आता जगाच्या वहीत माझी नोंद झाली ती गटारातून, चिमाजींच्या हातून. घरभरणीच्या पंगतीत कुणी हे भविष्य सांगितलं असतं, तर मी त्याला उठवून लावलं असतं. आज मला त्यात काही कमीपणा वाटत नाही. खरं म्हणजे, बरं वाटतं.

सप्टेंबरात येतेस म्हणालीस. विमानतळावरून आधी वर येऊ नकोस, खाली पायरीवर ये. चिमाजींची बायको ठेचा कुटणार आहे, मी भाकरी करणार आहे, ताटं तिथेच मांडू. डॉक्टरांनी मला तिखट ऑगस्टअखेरपर्यंत बंद केलंय, तेव्हा तोवरच्या नमुन्यांत जी मिरची सापडेल तिच्यात माझा काडीचा वाटा नाही, हे तुझ्या वहीत टिपून ठेव. माझ्या वाटची सप्टेंबरात मोज.

तुझी
छबूआत्या